ओ आणि बॉम्बे: स्लाइडवर सारखे, जनुकांत वेगळे

रक्तगट तपासायला काचेच्या स्लाइडवर रक्ताचे थेंब घेतात. एकात निळं अँटी-ए मिसळतात, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी; ही द्रावणं अनुक्रमे ए आणि बी गटाच्या पेशींच्या गुठळ्या, म्हणजे दाणे, करतात. दोन्हीकडे दाणे पडले नाहीत की कार्डावर ‘ओ’ लिहून मोकळे! भारतात साधारण दहा हजारांत एकाच्या बाबतीत हे उत्तर चुकतं. त्याचा गट बॉम्बे असतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली तो पहिल्यांदा नोंदवला. शहराचं नाव बदललं, गटाचं कोणी बदललं नाही.

रक्तगट ठरतो लाल पेशींवरच्या साखरांवरून. पण जनुक साखर बनवत नाही. डीएनएवरच्या मजकुराची आरएनए नक्कल निघते, तिच्यावरून अमिनो आम्लांची साखळी जुळते, ती दुमडून एन्झाइम तयार होतं आणि साखर जोडतं ते हे एन्झाइम. इथे ते काम दोन टप्प्यांत चालतं. आधी एफयूटी१ जनुकाचं एन्झाइम पेशीवरच्या मूळ साखळीला फ्यूकोज नावाची साखर लावतं; तयार होतो ‘एच’. मग ए किंवा बी जनुकाचं एन्झाइम त्या एचवर आपापली साखर चढवतं.

ओ गटात दुसरा टप्पा अडतो. बहुतेक ओ जनुकांत २६१व्या जागचं एकच अक्षर, जी, गळालेलं असतं. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते, त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं, थांबायची खूण अवेळी येते आणि एन्झाइम अर्धवटच राहतं. एच मात्र शाबूत, उलट ओच्या पेशींवर तो सगळ्यात जास्त असतो.

बॉम्बेत पहिलाच टप्पा बंद. भारतात बहुधा एफयूटी१च्या दोन्ही प्रतींत ७२५व्या जागी टीऐवजी जी आलेला असतो. अक्षर गळत नाही, नुसतं बदलतं; त्याने साखळीतल्या एका ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन हे दुसरं बसतं आणि एवढ्यावर एन्झाइम निकामी होतं. एचच नाही म्हटल्यावर ए-बीची एन्झाइमं ठणठणीत असूनही साखर चढवणार कशावर? म्हणून बाप कागदावर ‘ओ’ आणि मूल ‘एबी’ असंही होऊ शकतं. घरात भलते संशय घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं. बापाकडे ए किंवा बी जनुक होतंच, फक्त दिसत नव्हतं.

खरा धोका रक्त चढवताना. बॉम्बे माणसाच्या रक्तात एचविरुद्ध अँटिबॉडी असतात, त्यामुळे ‘सगळ्यांना चालणारं’ ओ रक्तही त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला बॉम्बेच लागतं. रक्तपेढीत म्हणून उलटी तपासणीही करतात: रुग्णाचं सीरम (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) ओळखीच्या ओ पेशींत मिसळायचं. खऱ्या ओ गटात काही होत नाही, बॉम्बेत दाणे पडतात. असा एक जण सापडला की सख्ख्या भावंडांना आधी तपासावं. आईवडिलांकडे बिघडलेली एकेकच प्रत असेल, तर प्रत्येक भावंड बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक असते.