गिंबल आणि मोटराइज्ड पॅन-टिल्ट हेड: कोणाचं काम काय?

रिमोटवर कॅमेरा फिरवणारं, बॅगेत मावणारं यंत्र स्वतः बनवायचं ठरलं की पहिला गोंधळ इथेच होतो: हातात धरायचं गिंबल हवं, की ट्रायपॉडवर बसून कॅमेरा डावी-उजवीकडे (पॅन) आणि वर-खाली (टिल्ट) फिरवणारं मोटराइज्ड हेड? दोन्हींत मोटर असतात, दोन्ही रिमोटवर चालतात. पण गिंबल हादरे शोषून घेतं आणि हेड ठरलेली हालचाल पुन्हा पुन्हा तशीच करतं.

गिंबलमध्ये जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आणि अॅक्सिलरोमीटर (गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा सेन्सर) असतात. हात हलला की मोटर लगेच उलट दिशेने जोर लावतात. गुरुत्वाकर्षणामुळे ‘खाली’ कुठे हे त्याला सतत कळतं, म्हणून क्षितिज सरळ राहतं. डाव्या-उजव्या बाजूला मात्र असा आधार नाही. तिथे सगळी भिस्त जायरोवर, आणि जायरोचा हिशेब हळूहळू सरकतो. चालत किंवा गाडीतून शूट करताना हे जाणवत नाही, पण दोन तासांच्या टाइमलॅप्समध्ये फ्रेम सरकलेली दिसू शकते.

हेडमधली स्टेपर मोटर सांगितली तेवढी पावलं टाकते. 1970च्या दशकात अमेरिकेत जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटासाठी बांधलेला डायक्स्ट्राफ्लेक्स हा कॅमेरा अशाच मोजून केलेल्या हालचालींवर चालायचा. कॅमेरा छोट्या मॉडेल यानासमोरून तीच वाट पुन्हा पुन्हा कापायचा आणि प्रत्येक फेरीचं चित्र आधीच्यावर नेमकं बसायचं. एकच अभिनेता फ्रेममध्ये दोनदा दाखवायचा असेल तर आजही हेच लागतं.

हेड बनवताना गणित आधी करा. नेमा 17 (स्टेपर मोटरचा एक प्रमाणित आकार) मोटरची एका फेऱ्याला साधारण 200 पावलं असतात. पट्ट्याने 1:5 रिडक्शन दिलं, म्हणजे मोटरच्या पाच फेऱ्यांना हेडचा एक फेरा, तर एक पाऊल 0.36 अंशांचं. फुल फ्रेम कॅमेरा, 100 मिमी लेन्स आणि 4के चित्र धरलं तर ते जवळपास 67 पिक्सेल होतं! मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवर 16 मायक्रोस्टेप लावले, म्हणजे एका पावलाचे 16 भाग केले, तरी चारेक पिक्सेल उरतात आणि संथ पॅन थरथरतो. मायक्रोस्टेप आणखी वाढवण्यापेक्षा मी रिडक्शन वाढवेन, कारण भाराखाली मायक्रोस्टेप कागदावरच्याइतके अचूक पडत नाहीत. गिअर घेतलात तर दातांमधली ढिलाई तपासा आणि प्रत्येक टेकच्या वेळी एकाच बाजूने जागेवर या.

वजनाचा हिशेबही वेगळा. गिंबलला गिअर नसतात, त्यामुळे लेन्स बदलली की बॅलन्स पुन्हा साधावा लागतो, नाहीतर मोटर तापतात. हेड थोडा असमतोल खपवून घेतं, पण जागच्या जागी थांबलेलं असतानाही स्टेपर करंट खाते. लांबच्या शूटला मोठी बॅटरी घ्या.

ट्रायपॉडवरच्या कामासाठी हेडच बनवा, आणि दोन्ही अक्षांवर होमिंग स्विच (हेडला सुरुवातीची नेमकी जागा दाखवणारा स्विच) बसवा. धक्क्याने एखादं पाऊल चुकलं तर साध्या स्टेपरला ते कळतच नाही.