शेअर फोल्डरच्या परवानग्या

सर्व्हरवरचा फोल्डर नेटवर्कवर खुला केल्यावर तो कोणी उघडायचा, कोणी त्यात लिहायचे आणि कोणी पुसायचे, हे ठरवणारी व्यवस्था. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात हिंगणघाट, वणी, पांढरकवडा इथल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, तिचे काम हंगामात कळते. काट्यावरचा कारकून काटापट्ट्या चढवतो, हिशेबनीस त्यावरून शेतकऱ्यांचे चुकारे काढतो, मालकाला संध्याकाळी आवक नुसती पाहायची असते. फोल्डर एकच, हक्क तीन तऱ्हेचे.

विंडोज सर्व्हरवर परवानगी दोनदा तपासली जाते: एकदा शेअरची, एकदा एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या विंडोजच्या पद्धतीची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली कडक असेल ती लागते. शेअरवर ‘फुल कंट्रोल’ आणि एनटीएफएसवर ‘रीड’ असेल, तर फाइल फक्त वाचता येते. पण सर्व्हरसमोरच बसलेल्याला शेअरची परवानगी लागूच होत नाही. लहान जिनिंगात सर्व्हर म्हणून ठेवलेल्या संगणकावरच कोणीतरी बिले टाइप करत बसलेले असते, तेव्हा खरा बंदोबस्त एनटीएफएसमध्येच करावा.

लिनक्सवर फोल्डर नेटवर्कवर खुला करण्याचे आणि परवानगी तपासण्याचे काम सांबा करते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात लिहिलेली ही प्रणाली १९९२ सालापासून उपलब्ध आहे. लिनक्सवर खाते असले तरी सांबाचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो. तो दिला, सेटिंगमधल्या ‘व्हॅलिड यूझर्स’मध्ये (प्रवेश कोणाला) गट लिहिला, ‘रीड ओन्ली’ला ‘नो’ केले, तरी घोडे अडते ते मास्कपाशी, म्हणजे नव्या फाइलला जास्तीत जास्त कोणते हक्क मिळतील हे ठरवणाऱ्या आकड्यापाशी. त्यातले शेवटचे तीन अंक क्रमाने मालक, गट आणि इतर यांचे; वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ यांची बेरीज म्हणजे तो अंक. नव्या फाइलचा मुळातला मास्क ०७४४ असतो, म्हणजे लिहिण्याचा हक्क फक्त ती तयार करणाऱ्याला. सकाळी काट्यावर बनलेली फाइल दुपारी हिशेबनिसाकडे उघडते, पण एक आकडा दुरुस्त होत नाही. अशा वेळी वैतागून सगळ्यांना ७७७ देऊन टाकणे हा सर्वांत वाईट इलाज. फोल्डर कामाच्या गटाच्या नावे करून त्याला २७७० द्यावे, नव्या फाइलींचा ‘क्रिएट मास्क’ ०६६० आणि नव्या फोल्डरांचा ‘डिरेक्टरी मास्क’ २७७० ठेवावा. सुरुवातीच्या २ मुळे आत बनणारी फाइल आपोआप त्याच गटाची होते.

लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर ठरतो. त्यामुळे गटातला कोणीही दुसऱ्याची फाइल उडवू शकतो. मूळ काटापट्ट्यांच्या फोल्डरला म्हणूनच ३७७० योग्य; सुरुवातीच्या ३ मध्ये वरचा २ आहेच, वाढलेल्या १ मुळे पुसायचे तर फाइलचा किंवा फोल्डरचा मालकच पुसेल.

काट्याला जोडलेला जुना विंडोज एक्सपी संगणक एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत, मागतो. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्राम याच वाटेने पसरला, आणि २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबात एसएमबी १ मुळातच बंद असते. एका जुन्या संगणकासाठी ते पुन्हा चालू करू नये; आकडे पेनड्राइव्हने आणलेले परवडले.

हक्क माणसाला न देता गटाला द्यावा, कारण कारकून हंगामापुरते असतात. काम सुटले की खाते गटातून काढले जाते, पण आधीच उघडी असलेली जोडणी जुन्याच हक्कांवर चालत राहते. ती तोडल्यावरच नवा नियम लागू होतो.