लाइन की लाइट? खेळातल्या पलटणीसाठी माणसं भरताना होणारी गल्लत

'होल्डफास्ट: नेशन्स ॲट वॉर' किंवा माउंट अँड ब्लेडचा 'नेपोलियनिक वॉर्स' हे नेपोलियनच्या काळातल्या लढायांचे ऑनलाइन संगणक खेळ. ते गटाने खेळणाऱ्या पलटणींच्या जाहिराती पाहिल्या, तर बहुतेकींत एवढंच असतं: "खेळाडू हवेत, अनुभवाची अट नाही." माणूस लाइनसाठी (दाट रांगेत लढणारं पायदळ) हवा की लाइटसाठी (पसरून लढणारं हलकं पायदळ), हे कुणी सांगत नाही. दोघांचा गणवेश साधारण सारखा, बंदूक पुष्कळदा तीच, संगीनही तीच. त्यामुळे नवख्याला वाटतं की लाइट म्हणजे थोडी मोकळीक असलेली लाइन. पण या दोन कामांना लागणारी माणसं निराळी आहेत. हे न कळता भरती केली, तर महिन्याभरात लाइन कंटाळते आणि लाइट रिकामी होते.

आधी मूळ पाहू. नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश बटालियनमध्ये दहा कंपन्या असत. आठ मधल्या, आणि दोन टोकांना दोन: एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपायांची), एक लाइट. १८०८ च्या फेररचनेनंतर फ्रेंच बटालियन सहा कंपन्यांची झाली: चार फ्युझिलिअर (साध्या), एक ग्रेनेडियर, एक व्होल्टिझर (फ्रेंचांची लाइट). म्हणजे मुळातच लाइटचं प्रमाण दहात एक किंवा सहात एक. खेळातली पलटण उभी करणारे हे प्रमाण विसरतात आणि वीसपैकी बारा जणांना लाइट देऊन बसतात.

लाइनचं काम खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. त्या काळातल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नव्हता. एकेकट्याची गोळी वाया जाई, पण पंधरा जणांनी एकदम झाडली की समोरची रांग फाटे. खेळातही गणित तेच आहे. लाइट मात्र मोकळ्या अंतरावर पसरते आणि जोडीजोडीने लढते. एकाने झाडली की दुसऱ्याची भरलेली असलीच पाहिजे. आड घेणं, मागे सरणं, शत्रूच्या अधिकाऱ्याला आणि तोफेवरच्या माणसांना टिपणं हे तिचं काम.

नावावरून भूमिका ठरवणं ही सगळ्यात नडणारी चूक. ४३वी आणि ५२वी या ब्रिटिश पलटणी १८०३ मध्ये शॉर्नक्लिफच्या छावणीत ब्रिटिश सेनापती सर जॉन मूर यांच्या हाताखाली लाइट इन्फंट्री म्हणून तयार झाल्या. तरीही वॉटर्लूला १८१५ मध्ये याच ५२वीने घट्ट रांगेत वळून फ्रेंच शाही गार्डच्या बाजूवर गोळीबार केला आणि मग चढाई केली. नाव लाइट, काम लाइनचं. आपल्याकडचं उदाहरण बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचं आहे. तिच्या नावातलं 'लाइट' हा परंपरेतून आलेला मान आहे. म्हणून तुमच्या गटाने ५२वीचं नाव घेतलं, एवढ्यावरून लाइनबॅटलमध्ये (पलटणींनी ठरवून, नियम पाळून खेळायच्या लढाईत) तुम्ही लाइट ठरत नाही. नोंदणीच्या तक्त्यात तुमच्यापुढे कोणता प्रकार लिहिला आहे, त्यावर ते ठरतं. अर्ज भरणाऱ्याने हा रकाना दोनदा वाचावा.

लाइनबॅटलचे नियम आयोजकागणिक बदलतात, पण सांगाडा ठरलेला आहे. प्रत्येक फेरीत एकच जीव. लाइनने जवळजवळ राहूनच गोळी झाडायची, लाइटला दोन माणसांमध्ये ठरावीक अंतरापर्यंत पसरायची मुभा. बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा पाच माणसं मावतील एवढी असते. रांगेबाहेरून झाडलेली गोळी हा गुन्हा, चढाईचा हुकूम झाल्यावर झाडलेली गोळी हाही गुन्हा. शिक्षा म्हणजे व्यवस्थापक तुम्हाला तिथेच ठार करतो, पुन्हा झालं तर बाहेर काढतो. लाइटच्या गटावर माणसांची कमाल मर्यादा असते, लाइनवर किमान. बारांची जागा मागून सहाच जण आले तर तुमची लाइन लाइन म्हणून उभीच राहू शकत नाही, आणि पुढच्या वेळी जागा मिळणं अवघड होतं.

आता भरती. लाइनसाठी दार उघडं ठेवावं. सार्वजनिक सर्व्हरवर एक अधिकारी, एक निशाणधारी आणि एक ढोलवाला यांनी एकत्र उभं राहून चॅटमध्ये "इथे रांग लावतोय" लिहिलं, तरी पाचसहा अनोळखी खेळाडू येऊन उभे राहतात. दोनतीन फेऱ्या त्यांना सोबत लढू द्यावं आणि मगच डिस्कॉर्डचा (पलटणीच्या गप्पांच्या ॲपचा) दुवा द्यावा. पहिल्याच मिनिटाला दुवा टाकला तर लोक पळतात. आलेल्याची कवायत वीस मिनिटांत उरकते: अधिकाऱ्याच्या डावीकडे रांग धरणं, कूच करताना शेजाऱ्याला न ढकलणं, "सज्ज, नेम, फायर" यावर एकदम झाडणं, आणि अधिकारी पडला की पुढचा कोण हे माहीत असणं. शेवटची गोष्ट सगळे टाळतात आणि लढाईत तीच नडते. हजेरीला बारा हवेत तर पटावर वीस ते पंचवीस नावं ठेवावीत. शाळा, नोकरी, वीज, नेट यात अर्धे गळतात.

कवायतीत दिशा धरण्यावर अधिक वेळ द्यावा. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या उजव्या टोकाच्या पिकेट (पहाऱ्याच्या) तुकड्या गावाच्या दिशेने भरकटल्या. त्यांच्या मागून जाणारी ७४वी पलटण मराठ्यांच्या तोफांच्या तोंडी सापडून जवळपास कापली गेली. पुढचा चुकला की मागची सगळी रांग चुकते. खेळात उजव्या टोकाला अनुभवी माणूस ठेवण्याचं कारण तेच.

लाइटची भरती बाहेरून करूच नये. "स्कर्मिशर (पसरून लढणारे) हवेत" अशी जाहिरात टाकली की एकेकटे नेमबाज येतात. त्यांना सर्वाधिक बळी हवे असतात आणि हुकूम नको असतात. लाइनमध्ये चारपाच लढाया नीट उभ्या राहिलेल्यांतून निवडावं. निवडताना बळींचा आकडा बघू नये, तीन गोष्टी बघाव्यात. जोडीदाराची बंदूक रिकामी असताना तो स्वतःची गोळी राखून ठेवतो का. मागे या म्हटल्यावर लगेच मागे येतो का. आणि शत्रू कुठे आहे ते मोजक्या शब्दांत सांगतो का: "टेकडीच्या डावीकडे, दहा जण, आपल्याकडे येतायत." सहा ते दहा माणसं पुरतात. त्याहून जास्त झाली तर अंतर सांभाळता येत नाही, गट गोळा होतो आणि शत्रूच्या एका सलामीत (एकदम झाडलेल्या गोळ्यांत) उडतो.

उलटी चूक जास्त घडते. लाइटमध्ये तयार झालेला खेळाडू माणसं कमी पडली म्हणून लाइनमध्ये उभा केला, की तो सवयीने दोन पावलं बाजूला सरकून झाडतो, आणि शिक्षा पूर्ण पलटणीच्या नावावर लागते. लाइनचा माणूस लाइटमध्ये टाकला तर तो जोडीदाराला चिकटून उभा राहतो. सगळ्यात वाईट अवस्था संगिनींच्या मारामारीत होते. नेपोलियनिक वॉर्समध्ये संगिनीचा वार वरून किंवा खालून, आणि अडवायचंही तसंच. एकास एक असेल तर कौशल्य चालतं. पण पसरलेल्या सहांवर पंधरांची रांग धावून आली, तर प्रत्येक जण एकेकटा दोघातिघांना तोंड देतो आणि पाळीपाळीने पडतो. म्हणून लाइटने जागा घेण्याआधी परतीची वाट ठरवायची, आणि ती वाट आपल्याच लाइनच्या मागे जाणारी हवी.

'वॉर ऑफ राइट्स' या अमेरिकी यादवी युद्धावरच्या खेळात हा फरक खेळाच्या यंत्रणेतच घातला आहे. रचनेत मेलात तर तुमच्या पक्षाचं नुकसान कमी, रचनेबाहेर मेलात तर बरंच जास्त. तिथे एकटा फिरणारा नेमबाज स्वतःच्या पक्षाला हरवू शकतो.

मुंबई-पुण्याहून खेळणाऱ्यांनी भरती होताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. वेळ: लंडनची रात्री आठची लढाई इथे हिवाळ्यात दीडला, उन्हाळ्यात साडेबाराला सुरू होते. न्यूयॉर्कची रात्री आठची लढाई दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच किंवा सकाळी साडेसहाला येते, आणि ती नोकरदाराला तुलनेने सोयीची. दुसरी गोष्ट पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. युरोपातल्या सर्व्हरवर तो शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो आणि अडवलेला वार उशिरा पोहोचतो. अशा खेळाडूने लाइनच धरावी. दोन्ही बाजूंना सोबती असतात, हुकमावर झाडलेल्या सलामीत थोडा उशीर खपून जातो, आणि चढाईत तो दुसऱ्या ओळीतून शेजाऱ्याच्या खांद्यावरून वार करू शकतो. भरती अधिकाऱ्याला पिंगचा आकडा पहिल्याच संदेशात सांगावा, म्हणजे तो तुम्हाला रांगेच्या मध्यभागी जागा देईल.