टेबलावरचा पळस आला कुठून?

आमच्याकडे गुरुजी सेवानिवृत्त झाले की शाल-श्रीफळासोबत आता छापील कप किंवा माउसपॅड देतात. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत ते तासाभरात तयार होतात. परवा अशाच एका माउसपॅडवर पळसाची फांदी पाहिली. केशरी फुलं, शेंग आणि बाजूला सुट्या करून दाखवलेल्या पाकळ्या. आमच्या बांधावरचा पयसच, पण चित्र दोनशे वर्षांहून जुन्या धाटणीचं.

या धाटणीचा माग विल्यम रॉक्सबर्गपर्यंत जातो. हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. आधी कोरोमंडल किनाऱ्यावर आणि 1793 पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात असताना त्याने भारतीय चित्रकारांकडून सुमारे अडीच हजार वनस्पतींची चित्रं काढून घेतली. त्यातली निवडक 300 चित्रं लंडनमध्ये 1795 पासून ग्रंथरूपात निघाली आणि पहिल्याच खंडात पळस आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायची, कागदावर ठसा घ्यायचा आणि मग एकेका प्रतीत हाताने रंग भरायचा, अशी ती छपाई होती.

ही चित्रं शोभेसाठी नव्हती. दाबून वाळवलेल्या फांदीचा रंग जातो, फूल चेपतं. शिवाय फूल आणि शेंग वेगवेगळ्या महिन्यांत येतात. चित्रकार मात्र दोन्ही एकाच पानावर आणू शकतो. सावली नाही, मागे देखावा नाही, पांढऱ्या कागदावर फक्त झाड. पानं मोजून काढलेली. पळसाला पाने तीनच, हे आपली म्हण सांगते आणि ते चित्रही. आज कपावर ही चित्रं शोभतात तीही याच मोकळ्या पांढऱ्या जागेमुळे आणि लहान केल्यावरही न फिसकटणाऱ्या रेषेमुळे.

ज्यांच्या हातांनी ही रेषा काढली, त्या रॉक्सबर्गच्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं नोंदलीच गेली नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. पुढे त्याच उद्यानाचा प्रमुख झालेल्या वॉलिचच्या ग्रंथात (1830-32) विष्णुप्रसाद आणि गोराचांद ही नावं तरी चित्रांखाली आली.

एकोणिसाव्या शतकात तांब्याची जागा शिळाछापाने घेतली. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलची सागरी आणि इतर जीवांची 100 चित्रं (1899-1904) अडॉल्फ गिल्शने दगडावर उतरवली. डायऱ्यांच्या मुखपृष्ठांवर आज तीही सर्रास दिसतात. ग्रंथालयांनी जुनी पुस्तकं स्कॅन करून खुली केली, तेव्हा ही चित्रं सगळ्यांच्या हाती आली. त्यांचे हक्कही केव्हाच संपलेत. आपल्या कायद्यात ते निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंतच असतात. उरलं काम हीट प्रेसचं. खास शाईने कागदावर छापलेलं चित्र सुमारे 200 अंश तापमानाला दाबलं की शाईची वाफ होऊन ती माउसपॅडच्या पॉलिस्टर कापडात शिरते.

विदर्भाच्या मातीतूनही अशी चित्रं निघाली आहेत, हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर दगडांतले जीवाश्म गोळा करत. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीच्या एका उभयचराच्या कवटीला इंग्लिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एका जातीचं नाव फायसा प्रिन्सेपी. हिस्लॉपच्या 1860 च्या लेखाला अशा शंखांचे चित्रफलक जोडलेले आहेत. त्यानंतर तीनच वर्षांनी, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, हिस्लॉप नदीत बुडून वारले.

ते शंख मला अजून एकाही पेपरवेटवर दिसलेले नाहीत. पुढच्या निरोप समारंभाआधी तो चित्रफलक स्टुडिओत घेऊन जाणार आहे आणि खाली ठळक मराठीत छापून घेणार आहे: फायसा प्रिन्सेपी, टाकळी, नागपूर.