‘ऊन लागणं’ आणि ‘उष्माघात’: एका शब्दाचा घोळ

विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत उन्हाळ्याच्या तोंडावर ‘कोल्ड वॉर्ड’ उघडतात. मोठे कूलर, थोड्या खाटा, सलाईनचे स्टँड. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरेपर्यंत तिथे आलेला जवळजवळ प्रत्येक जण बातमीत ‘उष्माघाताचा रुग्ण’ होतो. प्रथमोपचारातला निम्मा गोंधळ या एका शब्दातून येतो, असं माझं मत आहे.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत हा आजार सूर्यकिरण थेट डोक्यात भिनल्याने होतो असं मानत. सोला टोपी आणि पाठीच्या कण्यावर बांधायची कापडी गादी त्याच समजुतीची. आपलं ‘ऊन लागणं’ही उन्हालाच धरून आहे. प्रत्यक्षात पत्र्याच्या खोलीत, भट्टीपुढे, रात्रीच्या उकाड्यातही माणूस कोसळतो. ‘उष्माघात’ या शब्दाने ती चूक दुरुस्त केली, पण दोन वेगळ्या अवस्था एकाच नावाखाली कोंबल्या.

पहिल्या अवस्थेत चक्कर, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम असतो. पण माणूस शुद्धीवर असतो, विचारलेल्याचं नीट उत्तर देतो. त्याला सावलीत आडवं करून ओआरएस, ताक, मीठ घातलेलं पन्हं घोटाघोटाने पाजलं की बहुधा सावरतो. दुसरी अवस्था म्हणजे खरा उष्माघात: शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर आणि मेंदूवर परिणाम. माणूस बरळतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. त्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापावरची गोळीही इथे कामाची नाही. हा ताप जंतूंमुळे चढलेला नसतो.

‘घाम थांबतो, कातडी कोरडी पडते’ ही जुन्या पुस्तकांतली खूण मुख्यतः घरात बसून उकाड्याने आजारी पडलेल्या म्हाताऱ्या माणसांवरून घेतलेली. राबता राबता किंवा धावता धावता कोसळणाऱ्याचं अंग अनेकदा घामाने निथळत असतं. ‘घाम येतोय ना, मग काही नाही’ म्हणून त्याला बाजूला बसवून ठेवतात, आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. खूण बोलण्या-वागण्यात शोधायची.

अंग थंड कसं करायचं, यावर तर कित्येक दशकं वाद चालला. बर्फाच्या पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते, म्हणून ते टाळा, असं एक मत होतं. १९८० च्या दशकात मक्केत हज यात्रेकरूंसाठी अंगावर पाण्याचा फवारा आणि वर वारा अशी पद्धत वापरली गेली. दुसरीकडे लष्करात आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींत बर्फाच्या पाण्याच्या टबाने जास्त वेगाने तापमान उतरतं, हे पुन्हा पुन्हा दिसलं. साधारण अर्ध्या तासात ताप उतरवला तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी, हेही. यातून ‘आधी थंड करा, मग हलवा’ हा नियम आला. २०२४ च्या उन्हाळ्यात दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात असे टब ठेवलेला विभाग सुरू झाला. आपल्याकडे मात्र अजूनही १०८ ला फोन झाला की लोक रस्त्याकडे डोळे लावून नुसते उभे राहतात. टब नसेल तर बादल्या, होजपाइप, ओली चादर आणि जोराचा वारा. मान, काख, जांघेत बर्फ.

नियोजनाचा इतिहास अगदी अलीकडचा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतरच्या अभ्यासात त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त आढळले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, पुढे नागपूरसह इतर शहरांनी. तरी १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. उष्णतेची लाट ठरवायला मैदानी भागात किमान ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश हा आकडा धरतात, तोही सहसा सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त असेल तर. घाम सुकू न देणारी दमट हवा आणि उन्हात काढलेले तास या व्याख्येत कुठेच नाहीत.

मृत्यूनंतरही शब्दाचा घोळ सुटत नाही. शवविच्छेदनात उष्माघाताची खास म्हणावी अशी खूण सापडत नाही. माणूस कुठे सापडला, हवा किती तापलेली होती, सापडला तेव्हा अंगाचं तापमान किती होतं, यावरच निदान ठरतं. ते तापमान त्या क्षणी कुणी मोजलेलंच नसतं, आणि नोंद ‘संशयित’ या रकान्यात जाते.