स्लॉथ आणि गोलकृमी: एकाच पुस्तकात नोंदलेले दोन जीव

सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या कार्ल लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. तीत झाडावर राहणारा संथ सस्तन प्राणी स्लॉथ आहे, आणि माणसाच्या आतड्यातला जंत, म्हणजे एक गोलकृमीही आहे. स्लॉथ हत्तीच्या पंगतीला बसला. जंत मात्र ‘व्हर्मिस’ नावाच्या अडगळीत गेला. गांडूळ, गोगलगाय, जेलीफिश, जे इतरत्र बसेना ते सगळं तिथे कोंबलेलं होतं.

स्लॉथच्या वाट्याला मान आला असं मात्र नाही. बुफाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७६५ मध्ये लिहिलं, की आणखी एक जरी दोष असता तरी हा प्राणी जगू शकला नसता. जमिनीवर ठेवलेला स्लॉथ केविलवाणा दिसतो हे खरं. लांब नख्या रोवून तो अंग ओढत नेतो. पण त्याचं सगळं आयुष्य फांदीला लटकून जातं. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत हिंडलेल्या चार्ल्स वॉटरटनने १८२५ मध्ये हेच ठासून सांगितलं. पानांतून ऊर्जा थोडी मिळते, पचनही फार सावकाश, म्हणून खर्चही बेतानेच. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गोलकृमीचं नशीब वेगळ्याच कारणाने उघडलं. १९६३ मध्ये केंब्रिजला जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठी साधा प्राणी शोधत होते. त्यांनी ‘सी. एलेगन्स’ निवडला: जेमतेम एक मिलिमीटर लांब, काचेसारखा पारदर्शक, बॅक्टेरियांवर जगणारा, साधारण तीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होणारा. जंताचा नातेवाईक, पण परजीवी नव्हे. त्यांचे सहकारी जॉन सल्स्टन तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक पेशी दुभंगताना पाहत राहिले. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात जननपेशी सोडून ९५९ पेशी, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. प्रत्येकीची वंशावळ मांडली गेली. १९९८ मध्ये याच कृमीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय संच, वाचून झाला. बहुपेशीय प्राण्यांत तो पहिला.

पुढे २००८ मध्ये स्लॉथ आणि हा कृमी, दोघांच्याही झोपेवर संशोधन प्रसिद्ध झालं. पनामाच्या जंगलात स्लॉथच्या डोक्यावर छोटं यंत्र बसवून मेंदूतले विद्युतसंकेत नोंदले, तेव्हा तो दिवसाला साडेनऊ तासांच्या आसपासच झोपतो असं दिसलं. पिंजऱ्यातल्या स्लॉथवरून हा आकडा सोळा तासांच्या घरात धरला जात होता. आणि तो कृमी? कात टाकण्याआधी निश्चल होतो, ती अवस्था झोपेसारखीच असल्याचं त्याच वर्षी दाखवलं गेलं.