सोलर, प्रेशर पंप आणि मिक्सर शॉवर: बसवण्याआधी हे वाचा

"नवा मिक्सर (गार-गरम पाणी एकत्र करणारा नळ) लावला, गच्चीवरचा सोलर हीटर तापलेला आहे, तरी शॉवरला गारच पाणी येतंय." थंडी पडली की आमच्याकडे हे फोन सुरू होतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "तुमचा मिक्सरच खराब निघाला." वॉरंटीत असेल तर कंपनी तो बदलून देते, आमची काही हरकत नाही. पण बदलून फरक पडत नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा गच्चीवर असतं.

टाकीच्या पाण्याला जोर असतो तो उंचीचा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर (म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक किलो). वरच्या मजल्यावर शॉवरपासून टाकीचा तळ तीन मीटर वर असेल, तर मिळतं जेमतेम 0.3 किलो. बादली भरायला ते पुरतं, दुकानात आवडलेल्या आठ इंची रेन शॉवरला नाही पुरत. मग कुणीतरी प्रेशर पंप सुचवतं. पंप येतो आणि लागतो फक्त गार पाण्याच्या लाइनवर. सगळी भानगड इथून सुरू होते.

आता मिक्सरला एका बाजूने पंपाचं दीड-दोन किलोचं गार पाणी आणि दुसऱ्या बाजूने सोलरचं 0.3 किलोचं गरम पाणी. दोन्ही नॉब उघडले की गार पाणी गरम पाण्याला बाहेर येऊच देत नाही. उलट ते गरम लाइनमध्ये शिरतं आणि वर चढून सोलरच्या टाकीत जातं. त्यात हँड शॉवर हातातल्या बटणाने बंद करायचा आणि मिक्सरचे नॉब उघडेच सोडायचे, अशी घरात कुणाला सवय असेल तर हे रात्रभर चालतं. सकाळी सोलर कोमट, व्हेंट पाइपमधून (सोलरच्या टाकीचा वर उघडा असलेला हवेचा पाइप) गच्चीभर पाणी, आणि शिव्या सोलरवाल्याला.

तुमच्याकडे हेच होतंय का, ते आम्हाला न बोलावता कळतं. गच्चीवर सोलरमधून खाली येणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. गिझर त्याच लाइनला जोडलेला असेल तर त्याचाही. मग बेसिनखालचा गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून बेसिनचा गरम नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी आलं की धार थांबली पाहिजे. थांबत नसेल तर गार पाणी कुठूनतरी गरम लाइनमध्ये येतंय. एकेका बाथरूमचा गार पाण्याचा स्टॉप कॉक बंद करत जा. ज्याने धार तुटेल तिथे चोर. किचनचा सिंगल लिव्हर मिक्सर विसरू नका. आतलं कार्ट्रिज झिजलं की तो बंद असतानाही गार-गरम एक करतो.

"मग एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाका ना, स्वस्तात होईल," असं सांगणारे शेजारी सगळ्यांनाच असतात. एनआरव्ही पाणी वर चढू देत नाही, हे खरं, आणि आम्ही तो बसवतोही (फ्लॅपचा, आडव्या पाइपात, स्प्रिंगचा असेल तर आहे तेवढाही जोर खातो). पण गरम पाण्याला प्रेशर तो कुठून आणणार? सोलर वाचतो, अंघोळ गारच राहते.

उपाय एकच: दोन्ही लाइनींचं प्रेशर सारखं करणं. एक तर पंप नकोच, कमी प्रेशरवर चालणारा साधा शॉवर घ्या. तो आमच्याकडे आहे, दिसायला भारी नाही, पण अंघोळ होते. किंवा पंप दोन्हीकडे. नळ्यांचा व्हेंटवाला सोलर प्रेशर सोसत नाही, म्हणून पंपाचं पाणी त्याच्या टाकीत सोडायचं नाही. पंप सोलरच्या पुढे, गरम लाइनवर, आणि गरम पाणी चालणाराच. उन्हाळ्यात आतलं पाणी 70 अंशांच्या पुढे जातं. गारचा स्वस्त पंप तिथे लावला की सील गेलंच. सोलर नसेल, नुसता स्टोरेज गिझर असेल, तर काम सोपं: गिझर पंपाच्याच लाइनवर घ्या, फक्त त्याच्या प्लेटवरचं रेटेड प्रेशर आधी बघा. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर शॉवरसाठी मागू नका. 3 किलोवॅटमध्ये 20 अंश तापलेलं पाणी मिनिटाला दोनच लिटर निघतं, शॉवरला आठ-दहा लागतात.

गच्ची बघितल्याशिवाय आम्ही कन्सिल्ड डायव्हर्टर (भिंतीच्या आत बसणारा शॉवरचा मिक्सर) विकत नाही, यावर काही जण नाराज होतात. भिंतीत गेलेला डायव्हर्टर चुकला तर टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तीच शेड पुन्हा मिळत नाही. व्हिजिट चार्ज घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो. टाइल्स लावण्याआधी हँड पंपाने लाइन 10 किलोवर टेस्ट करून गेजचा फोटो तुम्हाला पाठवतो. ऑनलाइन मागवलेला मिक्सरही बसवून देतो, मात्र जबाबदारी जोडणीची, मालाची नाही.

आमचा माणूस येणार असेल त्या दिवशी गच्चीची किल्ली आदल्या रात्रीच सोसायटीकडून आणून ठेवा. सेक्रेटरी ऑफिसला गेलेले आणि किल्ली त्यांच्या खिशात, असं झालं तर व्हिजिट चार्ज तरीही लागतो.